पाळणा घ्यावा तर कसा?

सातवा महिना लागून ओटी भरून झाली की घरात पाळण्याचा विषय निघतोच. बाळ जन्माला येण्याआधी पाळणा घरात आणू नये, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत मानतात. नका आणू. पण चौकशी करून ठेवायला कुणाची ना नसावी! कारण बाळ झाल्यावर धावपळीत जो पाळणा येतो, तो बहुधा कुणाच्या तरी हौसेचा असतो. आजेसासूबाई माळ्यावरचा सागवानी पाळणा उतरवायला सांगतात, मामा नागपूरहून झुलता पाळणा आणायचा म्हणतो, आणि बाळाचे बाबा मोबाइलवर पलंगाला जोडायची नव्या तऱ्हेची छोटी खाट दाखवत बसतात. जिला रात्रीतून चार-पाच वेळा उठायचं आहे, तिला मात्र कुणी विचारत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज थोडं त्याविषयी. आणि तेही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांच्या, हवेच्या आणि डासांच्या हिशोबानं. कारण जाहिराती लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना पाहिलेला नसतो आणि श्रावणातली आपली रात्रही.

"एवढा काय विचार करायचा? आमची नाही का वाढली पोरं?" असं घरात कुणी म्हणालंच, तर त्यांना गडचिरोलीचीच गोष्ट सांगावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५-९६ साली त्या जिल्ह्यातल्या ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन तपासणी केली, आणि तीही एकदा नाही, तर पहिल्या महिन्यात वारंवार. तोवर खेड्यातलं बाळ बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जन्मायचं, तिथंच आजारी पडायचं, आणि कधी कधी तिथंच जायचं. घराबाहेर कुणाला पत्ताही नसायचा. त्या तपासणीत शंभरातली ४२ बाळं कमी वजनाची निघाली. निम्म्याहून अधिक बाळांना औषधोपचाराची गरज होती, पण डॉक्टरच्या नजरेखाली गेली ती शंभरात तीनसुद्धा नाहीत.

मग गावातल्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' करण्यात आलं. त्यांच्याजवळच्या सामानात वजनकाटा होता, थर्मामीटर होता, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचं साधन होतं; आणि बाळाला ऊब राहावी म्हणून एक झोपपिशवीही होती. याच गावांत १९९३ ते १९९५ या काळात जन्मलेल्या हजार बाळांतली ६२ पहिल्या महिन्यातच दगावत होती. आरोग्यदूतांच्या कामाच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. पुढे २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला पाहायला घरोघरी जाऊ लागल्या, त्याचं मूळ इथंच आहे. एकट्या झोपपिशवीनं एवढं सगळं झालं असं नव्हे. जंतुसंसर्गावरच्या औषधांचा, श्वास देण्याचा, वेळेवर अंगावर पाजण्याचा त्यात मोठा वाटा. पण बाळ कुठं झोपतं, कशात झोपतं, त्याला ऊब आहे का, ही हौसेची बाब नसून जिवाची आहे, एवढं आपल्या शेजारच्या खेड्यांनीच दाखवून दिलं.

आता मुद्द्याचं. बाळानं रात्री झोपावं कुठं? आईच्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचा आज साधारण हाच सल्ला आहे, निदान पहिले सहा महिने तरी. हाताच्या अंतरावर अशासाठी, की बाळ चुळबुळलं की आईला जाग येते, रडून आकांत करण्याआधी त्याला पाजता येतं. वेगळं अंथरूण अशासाठी, की दमलेल्या आईला गाढ झोप लागते, वडिलांचा हात पडतो, पांघरूण तोंडावर येतं. नवजात बाळाला मान वळवून नाक मोकळं करून घेता येत नाही.

पलंगाला जोडायची छोटी खाट निघाली ती याच विचारातून. तिची एक बाजू पलंगाकडे उघडी असते, बाळ आपल्याच शेजारी असल्यासारखं दिसतं, आणि सिझेरियन झालेल्या बाईला तर ती फार सोयीची, कारण टाके असताना वाकून पाळण्यातून बाळ उचलणं म्हणजे शिक्षाच. पण घेताना नुसतं चित्र पाहून घेऊ नका. आपल्या पलंगाची गादी जमिनीपासून किती उंच आहे ते आधी शिवणाच्या टेपनं मोजा. दोन्ही गाद्या एका पातळीत आल्या पाहिजेत, आणि मधे फट मुळीच राहता कामा नये. बोटभर फटसुद्धा नको. फटीत बाळाचं तोंड अडकलं तर ते ओरडूही शकत नाही. खाट पलंगाला पट्ट्यांनी घट्ट आवळता यावी. नुसती चाकं अडकवून भागत नाही. आणि आपले बॉक्सचे पलंग! खाली लोखंडी पेटी, कडेनं लाकडी चौकट, गादी आत रुतलेली. अशा पलंगाला ही खाट नीट चिकटत नाही. तसं असेल तर चारही बाजू बंद असलेली छोटी खाट घेऊन ती पलंगाशेजारी ठेवलेली बरी. पैसेही कमी लागतात.

तशीही ही वस्तू पाच-सहा महिन्यांचीच. त्यामुळे कुणी वापरलेली चांगली मिळत असेल तर लाजू नका.

माळ्यावरच्या सागवानी पाळण्याचं काय? बल्लारपूरच्या डेपोचं, आलापल्लीच्या जंगलाचं सागवान साऱ्या देशात नावाजलेलं. तेव्हा आपल्याकडच्या जुन्या घरांत एखादा तरी पाळणा पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला असतोच. लाकूड उत्तम, यात शंका नाही. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, गजांमधली फट. ती ६ सेंटिमीटरहून, म्हणजे सव्वादोन इंचांहून जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. जुन्या नक्षीदार पाळण्यांत ही फट बरेचदा मोठी असते. दुसरी, रंग. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा लाल-हिरवा चकचकीत रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, आणि बाळ पुढे कडा चाटतंच. असा रंग घरात घासत बसू नये, त्याची धूळ अधिक वाईट. अशा वेळी पाळण्याचा मोह सोडावा. तिसरी गोष्ट म्हणजे कड्या, साखळ्या आणि दोर. त्यांच्यावर भाताचं अर्धं पोतं ठेवून हलवून पाहावं.

हे सगळं ठीक असलं तरी टांगलेला पाळणा रात्रीच्या झोपेसाठी मला फारसा पसंत नाही. तो बहुधा माजघरात टांगलेला, आई दुसऱ्या खोलीत. शिवाय त्याला मच्छरदाणी नीट बसत नाही. आजेसासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर बारशाला तोच सजवा, चिमणाळं बांधा, बाळाला त्यात घालून नाव ठेवा, कौतुकानं फोटो काढा. दिवसा कुणी शेजारी बसून झोका देणार असेल तर तासभर झोपूही द्या. रात्री मात्र बाळ आईजवळ. हे सुनेनं सांगण्यापेक्षा तिच्या नवऱ्यानं सांगितलं तर घरात ताण कमी होतो, असा माझा अनुभव आहे!

झोळीविषयी जपून बोललं पाहिजे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत, धानाच्या रोवणीत, बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाया काम करतात. खाली विंचूकाटा, चिखल. तिथं दुसरं करणार तरी काय? तिला नावं ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण शहरात घरात पलंग असताना रात्रभर झोळी कशाला? झोळीत बाळाची पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याची श्वासनळी दबू शकते. त्यात कमी वजनाचं बाळ असलं तर धोका अधिक. बाजारातले स्प्रिंगचे आपोआप हलणारे झोके, तिरप्या पाठीच्या बाळखुर्च्या यांचीही तीच गत. अमेरिकेत एका मोठ्या खेळणी-कंपनीचं असं तिरपं झोपणं फार खपलं होतं. बाळं दगावल्यावर २०१९ मध्ये ते परत मागवावं लागलं, आणि २०२२ च्या कायद्यानं दहा अंशांहून जास्त तिरपी बाळ-झोपणी आणि पाळण्याच्या कडेनं बांधायच्या मऊ गाद्या, दोन्हींवर बंदी आली. आपल्याकडे मात्र त्या मऊ गाद्यांचे संच बारशाची भेट म्हणून अजून येतात. आल्या तर उशांच्या खोळीत भरून टाका.

नवारीची किंवा सुतळीची बाज ढिली असली तर तीही झोळीच. मधे खळगा पडतो आणि बाळ घरंगळत आईच्या अंगाखाली येतं. बाजेवरच झोपायचं असेल तर ती आधी आवळून घ्या.

न्यूझीलंडमधल्या माओरी बायकांची गंमत ऐका. बाळाला अंथरुणात कुशीत घेऊन झोपणं त्यांना सोडवेना, डॉक्टर सांगून थकले. शेवटी २००६ च्या सुमारास त्यांच्याच विणकरणींनी हरकेके नावाच्या पात्याची एक उथळ टोपली विणली. ती आई-वडिलांच्या अंथरुणातच ठेवायची, बाळ त्यात. जवळही आणि वेगळंही! तिला 'वाहाकुरा' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला आपला बुरूड आठवला. आपल्याकडे बाळाला प्रथम सुपात ठेवण्याची रीत काही घरांत आहेच. बांबूला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तोटा नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूवर स्वतःचा हक्क मिळवला, ते तर गाजलंच. तेव्हा ओळखीच्या कारागिराकडून बांबूची चौकोनी, सपाट तळाची, पायांवर उभी राहणारी खाटुली करून घेणं आपल्याकडे शक्य आहे. बांबू पाण्यात मुरवून वाळवलेला हवा, नाहीतर वर्षाच्या आत घुण लागून पीठ झडू लागतं. आतल्या बाजूनं हात फिरवून बघा, नव्हे, जुना रेशमी रुमाल फिरवा. एक धागा जरी अडकला तरी कारागिराकडे परत पाठवा. तळ दाबला तर लवता कामा नये. व्हार्निश नको.

आता मच्छरदाणी. माझ्या मते आपल्या भागात हा पाळण्याहून मोठा विषय आहे. गडचिरोली जिल्हा हिवतापासाठी वर्षानुवर्षं ओळखला जातो, आणि चंद्रपूर-बल्लारपूरसारख्या गावांत कूलरच्या टाकीत डेंग्यूचे डास वाढतात. अगदी लहान बाळाच्या खोलीत अगरबत्तीचा आणि कॉइलचा धूर नको, अंगाला डास पळवणारी मलमं नकोत. राहिली मच्छरदाणी. बाजारात छत्रीसारखी उघडणारी मिळते, ती दिवसा बरी. पण तिची जाळी बाळाच्या हातापायांना टेकते आणि टेकलेल्या जागी डास बाहेरूनही चावतो. रात्री आई बाळाला घेते, छत्री उघडते, डास आत शिरतो, आणि मग आत कोंडलेला डास रात्रभर मेजवानी करतो.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. पलंग आणि बाळाची खाट मिळून एकच मोठी मच्छरदाणी. म्हणजे आईला पाजायला मच्छरदाणीच्या बाहेर यावंच लागत नाही. डबल बेडची तयार मच्छरदाणी यासाठी पुरत नाही, पलंगाची रुंदी अधिक दोन-अडीच फूट लागते. जाळीचं कापड घेऊन शिवून घ्या, चार कोपऱ्यांना चांगली ताणून बांधा, आणि कडा गादीखाली खोचा. खाटेच्या बाजूला कड जमिनीपर्यंत लोंबती ठेवून तिच्यावर जाड चादरीची गुंडाळी दाबून ठेवावी. सरकारी आरोग्य केंद्रातून औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर तीही बाळाला चालते. फक्त ती वारंवार धुऊ नये, आणि वाळवायची ती सावलीत.

खोचलेल्या मच्छरदाणीचा आणखी एक उपयोग आपल्याकडच्या बायांना सांगायला नको. पावसाळ्यात मण्यार रात्रीची घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावते. तेव्हा बाळंतीण आणि बाळ दोघांनाही जमिनीवर झोपवू नका, मग घरात कितीही पाहुणे असोत. पाहुण्यांना म्हणावं, तुम्ही दिवाणखान्यात झोपा! खाटेच्या पायांना मुंग्या चढतात म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवतात, ते चांगलं. पण ते पाणी रोज बदला.

अंथरुणात काय घालावं, यापेक्षा काय घालू नये हे मोठं. कापसाची, हातानं दाबली तर खळगा न राहणारी पातळ गादी, वर घट्ट ताणलेली चादर, बस्स. उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. गोधडी, दुलई, कापडी बाहुल्या, लोकरीचे गोंडे, काही नको. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढून ठेवावा किंवा मनगटाला बांधावा. आणि बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचं. पोटावर झोपवलं की बाळ गाढ झोपतं म्हणतात, ते खरंही आहे, पण तीच भीती आहे. अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याचा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मग ऊब कशी द्यायची? कपड्यांनी. सुती अंगडं, त्यावर दुसरं, पायमोजे, आणि थंडीत बाळाला अंगासरशी, पण पाय हलवता येतील इतपत सैल गुंडाळलेलं दुपटं, तेही छातीच्या वर जाणार नाही असं. बाळाचे तळपाय आणि पोट हाताच्या पाठीनं पाहा. पोट कोमट आणि पाय गार असले तर एक कपडा वाढवा. मान घामेजली असेल तर एक काढा. पोटही गार लागलं आणि बाळ ओढून पीत नसेल तर थांबू नका, दवाखाना गाठा. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची पद्धत अजून आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू. बाळालाच काय, आईलाही त्यानं जीव गमवावा लागतो. ओव्याची धुरी द्यायचीच असेल तर बाळ खोलीत नसताना, दारं-खिडक्या उघडून.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, ब्रह्मपुरीचाही. कूलर लावावा लागतोच, त्याशिवाय बाळंतिणीचा जीव घाबरा होतो. फक्त वाऱ्याचा झोत सरळ बाळाच्या खाटेवर येऊ देऊ नका, भिंतीकडे वळवा, आणि खिडकी फटभर उघडी ठेवा. बाळाला एक पातळ झबलं पुरे. आणि पाण्याचे चमचे नकोत. अंगावरचं दूध थोड्या थोड्या वेळानं द्या, त्यातच पाणी असतं. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरा.

बाळ अडीच किलोच्या आत असेल तर पाळण्याची घाईच करू नये. त्याचा पहिला पाळणा आईची छाती. बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापडानं बांधायचं. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टर एडगर रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून ही रीत सुरू केली. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. फार कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं, तर दगावणाऱ्यांचं प्रमाण चौथ्या हिश्शानं घटतं. घरी आल्यावरही हे चालू ठेवता येतं, आणि आई दमली तर बाबांनी, आजीनं हा भार घ्यावा. आई जागी असेल तोवर छातीवर. तिला झोप येऊ लागली की बाळ खाटेवर.

पैशाचं म्हणाल, तर या सगळ्याला फार लागत नाहीत. फिनलंड देश १९३८ पासून बाळंतिणींना एक खोका देत आला आहे. आत कपडे आणि लहान गादी, आणि तो खोकाच बाळाचं पहिलं अंथरूण. महाराष्ट्र सरकारनंही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या पहिलटकरणींसाठी बेबी केअर किट सुरू केलं, त्यात छोटी गादी, मच्छरदाणी, ब्लँकेट आणि थर्मामीटर होता. तुमच्या दवाखान्यात काय मिळतं ते नाव नोंदवतानाच विचारून ठेवा.

बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं किंवा कुशीवर वळू लागलं, की पलंगाची खाट, टोपली, खाटुली सगळं बंद. चिमणाळंही त्याच दिवशी उतरवा, कारण आता त्याचा हात दोऱ्यापर्यंत पोचतो. पुढे उंच कठड्याची खाट, किंवा जमिनीवर घातलेला तक्तपोस, अर्थात मच्छरदाणीसकट. रिकामी झालेली खाट कोमट पाण्यानं पुसून दोन दिवस उन्हात ठेवा, स्क्रू आणि पट्ट्या एका डबीत घालून तिलाच बांधा, आणि नात्यात पुढची ओटी कुणाची आहे ते पाहून पाठवून द्या. गादी तेवढी तिनं नवी शिवून घ्यावी.